गाडी घेण्याआधी: खानापूरच्या रानातल्या गावांसाठी रुग्णसेवा उभी करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यातल्या एका गावच्या युवक मंडळानं गणपतीची शिल्लक वर्गणी आणि गोव्यात-पुण्यात कामाला असलेल्या पोरांनी पाठवलेले पैसे मिळून साडेपाच लाख जमवलेत. जुनी ॲम्ब्युलन्स घेऊन आसपासच्या सात-आठ वाड्यांसाठी सेवा सुरू करायची आहे. गाडी कोणती घ्यावी, आत काय ठेवावं आणि कागदपत्रं कोणती लागतात, असं त्यांनी विचारलंय.

मी सैन्याच्या वैद्यकीय दलात नर्सिंग असिस्टंट होतो. पेन्शनीवर गावी आल्याला चौदा वर्षं झाली आणि तेव्हापासून गावच्या गाडीवर हेच रुग्णसेवेचं काम करतोय. माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही, पण मनापासून सांगतो: गाडी एवढ्यात घेऊ नका. पैसे मंडळाच्या खात्यावर सहा महिने राहू द्यात. त्या सहा महिन्यांत माणसं तयार करा. गाडी येईपर्यंतची पहिली वीस-तीस मिनिटं ज्या गावाला हाताळता येत नाहीत, तिथं गाडी दारात उभी असली तरी पेशंट हातचा जातो. हे मी चौदा वर्षांत इतक्यांदा पाहिलंय की आता दुसरं काही सांगवत नाही.

एक प्रसंग सांगतो. रोप लावणीचे दिवस, रात्रभर पाऊस. पहाटे चारच्या सुमारास एका घरातली बाई पोटात दुखतंय म्हणून उठली. एक उलटी झाली. घरच्यांनी ओवा चावायला दिला, वर गरम पाणी. कुणाच्या मनात दुसरं काही आलं नाही, कारण कुठं सूज नाही, जखम नाही, आग नाही. साडेपाचला तिचा शाळकरी मुलगा माझ्याकडं पळत आला आणि म्हणाला, “काका, आई डोळंच उघडंना.” मी गेलो तर पापण्या खाली आलेल्या, बोलणं नाकातून, लाळ गिळता येईना. जमिनीवर अंथरूण घालून झोपली होती. बॅटरी लावून हातपाय तपासले, तेव्हा कोपराच्या वर सुईनं टोचल्यासारख्या दोन खुणा दिसल्या, त्याही नीट नाहीत. मण्यार.

गाडीत घेतलं तोवर श्वास उथळ झाला होता. जांबोटीच्या अलीकडं तो थांबल्यातच जमा झाला. मी तिच्या डोक्यापाशी बसून अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबायला सुरुवात केली. दर पाच-सहा सेकंदांनी एकदा, छाती वर येते की नाही ते बघत. बेळगावपर्यंत सव्वा तास लागला. म्हणजे आठशेच्या वर वेळा ती पिशवी दाबली. मध्ये माझ्या बोटांत गोळे आले तेव्हा शेजारच्या पोरानं घेतली. त्याला आदल्या महिन्यातच उशीवर सराव करून शिकवलं होतं. दवाखान्यात व्हेंटिलेटर लागला, सापाच्या विषावरची लस दिली, चार दिवसांनी ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली. ह्यात गाडीनं काय केलं? रस्ता कापला. जीव वाचवला तो पापण्या ओळखणाऱ्या मुलानं आणि पिशवी दाबणाऱ्या दुसऱ्या हातानं.

म्हणून साप हा तुमच्या सेवेचा पहिला धडा ठेवा. आपल्याकडं दिली जाणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालते. तुमच्या भागात झाडाझुडपांवर हिरवा चापडाही सापडतो, त्याच्यावर ही लस लागू पडत नाही. तरीही पेशंट दवाखान्यात न्यायचाच, कारण चावला कोण हे ठरवायचं काम डॉक्टरांचं. वर घट्ट दोरी बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही. बांगड्या, जोडवी, अंगठ्या लगेच काढायच्या, नाहीतर सूज आल्यावर कापाव्या लागतात. चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यावर बांधतो तसा फळीला सैल बांधायचा आणि पेशंटला चालू द्यायचं नाही, उचलून न्यायचं. साप मारायला कुणी मागं धावू नये. लांबून फोटो मिळाला तर ठीक. एक गोष्ट लोकांना आवर्जून सांगा: विष तेवढंच असतं, म्हणून लहान मुलालाही लस मोठ्या माणसाएवढीच लागते. “एवढ्याशा पोराला एवढ्या बाटल्या?” म्हणून आजोबा दवाखान्यात भांडताना मी पाहिलेत.

आणि दर सोमवारी एक फोन. जवळच्या सरकारी दवाखान्यात आज लस किती आहे, ड्युटीवर कोण आहे, हे विचारून वहीत लिहायचं. एकदा रात्री आम्ही एका ठिकाणी पेशंट घेऊन गेलो आणि साठा संपलेला निघाला. पाऊण तास वाया गेला. तेव्हापासून ही वही आहे.

आता रस्त्याचं. गवाळी, कोंगळे, पास्टोली, आमगाव ह्या बाजूची गावं भीमगडच्या रानात किंवा त्याच्या काठावर आहेत. २०११ साली तिथं अभयारण्य झालं. जून ते सप्टेंबर कित्येक ठिकाणी ओढ्यापलीकडं चाक जात नाही. तिथं ॲम्ब्युलन्स म्हणजे माणसांचे खांदे. पावसाळ्यात पेशंटला बांबूला बांधून चिखलातून आणल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, कदाचित स्वतः उचललंही असेल. तेच काम शिस्तीनं केलं तर अर्ध्या वेळात होतं. दोन चांगले पोक्त बांबू, तांदळाची दोन मजबूत पोती, पोत्यांचे तळकोपरे कापून बांबू आरपार घालायचे. झाला स्ट्रेचर. वर घोंगडी, त्यावर प्लास्टिकचा कागद, तोंड मात्र उघडं. आठ माणसं लागतात: चार उचलायला, दोन पुढं वाट साफ करायला आणि बॅटरी दाखवायला, दोन राखीव. दर दोनशे-तीनशे पावलांवर बदली करायची, दमल्यावर नाही, दमायच्या आधी. सपाटीला आणि उतारावर पाय पुढं, चढावर डोकं पुढं. पेशंटला तीन ठिकाणी बांधायचं: छाती, कंबर, गुडघे. ओढा ओलांडताना मात्र पट्टे सोडायचे. पाय घसरून माणसं पडली तर बांधलेला पेशंट बुडतो. ही गोष्ट कुठल्या शिबिरात सांगत नाहीत.

तुमच्या रानात मोबाईलची रेंज हीसुद्धा औषधाइतकी महत्त्वाची. कुठल्या टेकावर, कुठल्या देवळाच्या चौथऱ्यावर, कुठल्या वळणावर दोन दांड्या येतात, हे गुराख्यांना पाठ असतं. त्यांना बरोबर घेऊन एक नकाशा काढा, हातानं काढलेला चालेल, आणि प्रत्येक वाडीत घराच्या भिंतीला चिकटवा. कुणाला काही झालं की एकानं पेशंटजवळ बसायचं, दुसऱ्यानं रेंजच्या जागी पळायचं, तिसऱ्यानं स्ट्रेचर काढायचं. हे आधी ठरलेलं असलं की रडारड कमी होते.

बाळंतपणाबद्दल माझं मत ठाम आहे. ह्या भागात बाळंतपणासाठी सगळ्यात चांगली ॲम्ब्युलन्स म्हणजे वेळेत हलवलेली बाई. मे महिन्यात आशाताई आणि अंगणवाडीच्या बाईंबरोबर बसा आणि जून ते सप्टेंबरात ज्यांचे दिवस भरतात त्यांची यादी करा. प्रत्येकीच्या घरी जाऊन विचारा: खानापुरात, बेळगावात कोण पाव्हणं आहे? दिवस भरायच्या दोन आठवडे आधी तिला तिथं पोचवायचं. पाव्हणं नसेल तर मंडळानं खानापुरात एक खोली भाड्यानं घ्यावी. चार महिन्यांचं भाडं म्हणजे तुमच्या साडेपाच लाखांतला किरकोळ तुकडा. आम्ही हे सुरू केल्यापासून रात्री ओढ्याच्या काठावर कळा देणारी बाई उचलायची वेळ फार कमी वेळा आली. खरं सांगायचं तर ह्या एका कामासाठी तुमचं मंडळ उभं राहिलं आणि गाडी कधीच घेतली नाही, तरी मी तुम्हाला यशस्वी म्हणेन.

१०८ ला पर्याय म्हणून काम करू नका, १०८ च्या हातात हात घालून करा. कर्नाटकात ही सेवा २००८ पासून आहे, महाराष्ट्रात २०१४ पासून. पहिला फोन नेहमी त्यांनाच, लगेच दुसरा तुमच्या मंडळाला. त्यांची गाडी जवळ असेल तर तुम्ही फक्त पेशंट रस्त्यापर्यंत आणायचा. हद्दीवरच्या गावांत एक भानगड असते. चंदगडच्या शिवेवर फोन कुठल्या टॉवरनं पकडला त्यावर तो बेंगळुरूकडं जातो की पुण्याकडं, ते ठरतं. म्हणून बोलताना पहिलं वाक्य राज्य, जिल्हा, तालुका, गाव असं असू द्या. “जांबोटीच्या पुढं” एवढ्यानं तिकडच्या माणसाला काही कळत नाही.

कन्नडची पाच-सहा वाक्यं सगळ्यांना पाठ हवीत. साप चावलाय म्हणजे ‘हाव कडदैति’. धाप लागलीय म्हणजे ‘दम हत्तैति’. शुद्ध नाही म्हणजे ‘एच्चर इल्ल’. बाळंतकळा म्हणजे ‘हेरिगि नोव’. तिकडून माणूस मराठी बोलला तर आनंदच, पण रात्री तीनला भाषेवर अडून बसायचं नाही. आमच्या गाडीवर मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहिलंय. सिस्टरला आणि पोलिसाला कन्नड वाचता येतं, पेशंटच्या आईला मराठी कळतं, आणि दोघांनाही गाडी आपली वाटली पाहिजे. सीमाप्रश्नावर माझीही मतं आहेत, पण ती गाडीच्या दाराबाहेर राहतात. तसंच कुठल्याही पुढाऱ्याचा फोटो गाडीवर लावू नका, त्यानं पैसे दिले तरी. एकदा फोटो लागला की दुसऱ्या पार्टीच्या घरचा पेशंट खाजगी जीप शोधत बसतो. हे झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

बरं, सहा महिने गेले, माणसं तयार झाली, मग गाडी. माझी पहिली कसोटी एकच: पेशंटच्या डोक्यापाशी माणूस नीट बसू शकतो का? छोट्या व्हॅनमध्ये स्ट्रेचर बसतो, पण डोक्याकडं जागाच उरत नाही. मग अंबू बॅग दाबायची कशी? दुसरी कसोटी गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे. तुमच्या रस्त्यांना बोलेरोसारखी उंच गाडी बरी, धक्के जास्त बसतात हे धरूनसुद्धा. ॲम्ब्युलन्ससाठी ए.आय.एस. १२५ हे ठरलेलं मानक आहे, त्यात बसणारी बांधणी बघून घ्या. गावातल्या वेल्डरकडून सीट काढून स्ट्रेचर ठोकलेली गाडी पासिंगला अडते आणि अपघातात पेशंट उडतो. गोव्यात किंवा कोल्हापुरात जुनी गाडी स्वस्त मिळते म्हणून पटकन उचलू नका. तिथल्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला, इथला रोड टॅक्स, पुन्हा नोंदणी, हे सगळं मिळून स्वस्ताई संपते. नोंदणी ‘ॲम्ब्युलन्स’ म्हणूनच हवी, विमाही त्याच वर्गातला. संस्था १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवा, गाडी संस्थेच्या नावावर घ्या, अध्यक्षाच्या नावावर नको. अध्यक्ष बदलतात.

आत काय ठेवायचं? थोडंच, पण रोज तपासलेलं. अंबू बॅग मोठी आणि लहान मुलाची, घशातली लाळ-उलटी ओढून काढायचं हातानं चालणारं सक्शन, ऑक्सिजन, मानेचे पट्टे, फळ्या, भरपूर जाड गॉझ, बाळंतपणाचा निर्जंतुक संच, बी.पी.चं यंत्र, साखर तपासायचं यंत्र, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, घोंगडी. बी टाईप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दहा लिटर सोडला तर हिशेबानं अडीच तास. आम्ही दोनच तास धरून चालतो.

इथं आमची एक चूक सांगितलीच पाहिजे. दुसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्या गृहस्थांना दम लागला म्हणून आणायला गेलो. सिलिंडर भरलेला, पण तो उघडायचा पाना गाडीत नव्हता. कुणीतरी दुसऱ्या कामाला नेला होता आणि परत ठेवला नव्हता. पाना शोधण्यात वीस मिनिटं गेली, तोवर ते माझा हात धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ते गेले. डॉक्टर म्हणाले, त्या वीस मिनिटांनी फरक पडला नसता. असेलही. पण त्यांच्या हाताची ती पकड माझ्या मनगटावर अजून आहे. आता पाना सुतळीनं सिलिंडरच्या गळ्याला बांधलेला असतो आणि रोज सकाळी सातला ड्रायव्हर तो हातात धरून वहीत सही करतो. त्याच वेळी बॅटरी, टायर, डिझेल आणि सायरन बघायचा.

ड्रायव्हरला पगार द्या. इथं बरीच मंडळं चुकतात. बाकी सगळे स्वयंसेवक चालतील, पण रात्री दोन वाजता फोन उचलायची जबाबदारी एका माणसाच्या पगाराला बांधलेली असावी, नाहीतर सुगीच्या दिवसांत आणि लग्नसराईत गाडी कुलपात राहते. दोन ड्रायव्हर, पाळी ठरलेली. सेवा संपूर्ण फुकट ठेवायच्या हट्टाला माझा विरोध आहे. पैसे आधी मागायचे नाहीत, हे पक्कं. पण नंतर ज्याला जमेल त्यानं डिझेलपुरतं द्यावं, पावती घ्यावी, आणि महिन्याचा हिशेब देवळाच्या फळ्यावर लिहिला जावा. फुकट सेवा दोन वर्षांत बंद पडलेल्या मी चार पाहिल्या. फळ्यावर हिशेब लिहिणारी एकही बंद पडलेली नाही.

कायद्याची भीती बऱ्याच पोरांना असते. अपघातातल्या माणसाला उचललं की पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील, ही. सर्वोच्च न्यायालयानं ३० मार्च २०१६ ला मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूनं, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. पण “मोबदल्याची अपेक्षा न ठेवता” हे शब्द नीट वाचा. पगारी ड्रायव्हर आणि पावती फाडणारी संस्था ह्या छत्रीखाली पूर्ण येते असं धरून चालू नका. म्हणून विमा घ्या आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवा: फोन किती वाजता, पोचलो किती वाजता, पेशंटची अवस्था काय, कुणाच्या हवाली केला. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रानं रस्ता अपघातातल्या जखमींसाठी सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचारांची योजना अधिसूचित केली. यादीतल्या दवाखान्यांची नावं गाडीत लावून ठेवा. पैशासाठी नातेवाईक दुसरीकडं फिरतात आणि पहिला तास निसटतो.

रेस्क्यूचं म्हणाल तर दोनच गोष्टींवर जोर देतो, कारण त्यात वाचवायला गेलेली माणसं मरतात. एक, विहीर. उन्हाळ्यात विहिरीत डिझेल इंजिन उतरवून पाणी उपसतात. एकजण बेशुद्ध पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला तिसरा. जुनी माणसं पेटता कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर हवा नाही हे कळतं, पण इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला कंदील विझत नाही. ज्योत जळत राहते आणि माणूस मरतो. म्हणून इंजिन बंद, वरून पंख्यानं किंवा ब्लोअरनं हवा, उतरणाऱ्याच्या छातीला दोर आणि दोराची दुसरी टोकं चार माणसांच्या हातात. अग्निशमन दलाला फोन त्याआधी. दुसरं, पाणी. मलप्रभेच्या डोहात कुणी बुडत असेल तर आधी काठावरून बांबू पोचवा, नाहीतर दोर बांधलेली ट्रॅक्टरची ट्यूब फेका. उडी अगदी शेवटी, तीही दोर बांधूनच. निपाणी-चिकोडीकडच्या मित्रांचं काम वेगळं. २०१९ आणि २०२१ ला वेदगंगा, दूधगंगा, कृष्णेनं जे केलं त्यासाठी बोटी लागतात आणि ते काम सरकारी दलाबरोबरच करायचं.

ऊस तोडणीच्या हंगामात आणखी एक. आमच्या गाडीत रेडियमच्या पट्ट्यांचा गठ्ठा असतो. रात्री मागं दिवा नसलेली ट्रॉली दिसली की थांबून दोन पट्ट्या चिकटवतो. ड्रायव्हर आधी कुरकुरतो, मग चहा पाजतो. एका दुचाकीवाल्याला अशाच ट्रॉलीखालून काढलं त्या रात्रीपासून हे करतोय.

माणसं कुठून आणायची, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. आपल्या भागात असं गाव नाही जिथं दोन-चार माजी सैनिक नाहीत. त्यांना प्रथमोपचाराचं जुजबी शिक्षण मिळालेलं असतं, अंधाराची भीती नसते आणि वेळेची किंमत कळते. त्यांच्यापासून सुरुवात करा. मग महिला मंडळातल्या चार बायका घ्या. आजारी बाईजवळ रात्री बसायला त्याच लागतात, आणि पापणी पडलीय, बोलणं बदललंय, हे पुरुषांच्या आधी त्यांनाच दिसतं. हृदय थांबलं तर छाती दाबायचं शिक्षण मी स्वतः देईन: मिनिटाला शंभर ते एकशेवीस, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, तीस वेळा दाबलं की दोन श्वास. कोपर न वाकवता सलग दोन मिनिटं करून बघितल्याशिवाय ते किती दमवतं ते कळत नाही.

येत्या महिन्यातला कुठलाही रविवार कळवा, मी सकाळी आठला पोचतो. आठ माणसं, दोन बांबू, दोन पोती आणि एक उशी तयार ठेवा. आशाताईंना वही घेऊन यायला सांगा.